चाकांवरचे घर, पण चूल कोणाची?

सहल म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असे आपल्या वस्त्यांमधून अजूनही समजले जाते. लग्न, मयत किंवा जयंती असली तरच आपण घर सोडतो. वास्तविक विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगारांना वर्षाला १० दिवसांची पगारी रजा मिळाली. हक्काची रजा घरात झोपून किंवा भांडणात घालवू नये.

परदेशात बिछाना, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास असलेल्या गाडीतून कुटुंबे तळ्याकाठी मुक्काम करतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा 'कॅराव्हॅन' पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ती गाडी आपल्या खिशाला परवडणारी नाही, पण त्यामागची कल्पना परवडते. आम्ही दोन कुटुंबांनी मिळून एक जीप भाड्याने घेतली आणि जानेवारीतला शनिवार-रविवार नळदुर्गला काढला. ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात गाडी उभी केली. रात्री बायका-मुले जीपमध्ये आणि आम्ही पुरुष ताडपत्रीखाली झोपलो.

नळदुर्ग आपल्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. तेथे बोरी नदीला किल्ल्यातच दगडी बांध घातलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, १६१३ सालचे हे काम. बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि ते पाहायला झुंबड उडते. हिवाळ्यात गर्दी नसते. धबधबे बंद असल्याने काळ्या दगडाची चिरेबंदी नीट पाहता येते. बांधाआडचे पाणी शांत असते. मुलांना किल्ला समजावून सांगायला सवड मिळते.

निघण्यापूर्वी आम्ही एक नियम केला होता : दोन दिवस बायकांनी चुलीला हात लावायचा नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकत घेतली. कारण भाकरी घरून न्यायच्या म्हटले की आदल्या रात्री त्यांनाच जागावे लागते. पिठले आणि खिचडी आम्ही पुरुषांनी केली, भांडी थोरल्या मुलांनी घासली.

पहिल्या दिवशी आमच्या सौभाग्यवती पाण्याकडे पाहत बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हाताला काम नसलं की कसंतरीच वाटतंय, ओ." आमच्या संसाराला वीस वर्षे उलटली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातांना सवय व्हावी एवढीही सुट्टी मिळालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या आणि शेजारच्या वहिनी दुपारपर्यंत गप्पा मारत बसल्या. एकदाही उठल्या नाहीत.

कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला रजा दिली. घरातल्या कामगाराला ती आपणच द्यायची आहे. घर चाकांवर नेले आणि चूलही तिच्याच गळ्यात राहिली, तर कामाची फक्त जागा बदलते. तेव्हा बंधूंनो, पुढच्या सहलीचा बेत आखताना खर्चाच्या यादीआधी एवढे लिहा : स्वयंपाक कोण करणार, भांडी कोण घासणार. मगच गाडी ठरवा.