'कॉल ऑफ' : रद्द की पुढे ढकललं?

आज आपण एकच फ्रेजल व्हर्ब घेऊ : 'कॉल ऑफ'.

समजा, मुलाखतीच्या आदल्या रात्री मोबाईलवर मेसेज येतो, 'द इंटरव्ह्यू हॅज बीन कॉल्ड ऑफ'. 'कॉल' म्हणजे बोलावणं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मग आपण पहाटेची एसटी पकडतो, आणि तिथे गेल्यावर कळतं की मुलाखत रद्द झाली आहे! मेसेजमध्ये 'पुट ऑफ' असतं, तर ती पुढे ढकलली असती. म्हणजे पुन्हा आशा होती.

हा फरक लक्षात कसा ठेवायचा? २०२० साल आठवा. कोरोनामुळे टोकियो ऑलिंपिक 'पुट ऑफ' झालं आणि २०२१ मध्ये भरलं. त्याच वर्षीची विम्बल्डन मात्र 'कॉल ऑफ' झाली; ती भरलीच नाही.

सुरू झालेली गोष्ट मध्येच थांबवली, तरी 'कॉल ऑफ' चालतं. चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतलं : 'गांधी कॉल्ड ऑफ द मूव्हमेंट'. मराठीत आपण प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद वापरतो. सामना रद्द होतो, संप मागे घेतात, ठरलेलं लग्न मोडतात, शोधकार्य थांबवतात. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'कॉल ऑफ' पुरतं.

पण एक अट आहे. कोणीतरी तसा निर्णय घ्यावा लागतो. एखादी गोष्ट आपोआप संपली, तर ती 'कॉल ऑफ' होत नाही. मुंबईचा गिरणी संप बघा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. पुढे तो विरत गेला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणून इंग्रजीत म्हणतात, 'द स्ट्राइक वॉज नेव्हर कॉल्ड ऑफ'. संप संपला, असं आपण म्हणू. 'कॉल ऑफ' झाला, असं म्हणता येणार नाही.

शेवटी रचनेचा नियम. नाम दोन्हीकडे चालतं : 'कॉल ऑफ द मॅच' किंवा 'कॉल द मॅच ऑफ'. सर्वनाम मात्र मध्येच येतं : 'कॉल इट ऑफ'. 'कॉल ऑफ इट' चूक.

आता 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ' यांचं एकेक वाक्य स्वतः लिहून बघा. लिहिताना एकच प्रश्न विचारायचा : ही गोष्ट पुन्हा होणार आहे का?