मक्तेदारीचा घटनात्मक अर्थ आणि मुळशी धरणाची वीज

प्रस्तुत लेखात ‘मक्तेदारी’ या संकल्पनेचा भारतीय राज्यघटनेत कोणता अर्थ लावला गेला आहे आणि खाजगी मक्तेदारीचे नियमन करताना तो कोठे अपुरा पडतो, याचा विचार केला आहे. उदाहरणादाखल मुळशी तालुक्यातील धरणाची वीज घेतली आहे. मुळशी सत्याग्रहाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच धरणाशी निगडित असलेल्या वीज परवान्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

राज्याची मक्तेदारी व खाजगी मक्तेदारी

अनुच्छेद १९(१)(छ) अन्वये प्रत्येक नागरिकास व्यापार-व्यवसायाचे स्वातंत्र्य आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६) मध्ये भर घालून, राज्याने स्वतः अथवा राज्याच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील महामंडळाने एखादा व्यापार नागरिकांना पूर्णतः वा अंशतः वगळून चालविण्यास संरक्षण दिले. या संरक्षणाची मर्यादा १९६३ मध्ये ‘अकादशी पधान विरुद्ध ओरिसा राज्य’ या खटल्यात ठरली. केंदूच्या, म्हणजे आपल्याकडील तेंदूच्या, पानांच्या व्यापाराचा तो वाद होता. मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकालपत्रात असे प्रतिपादन केले की, मक्तेदारी निर्माण करण्यास अत्यावश्यक असलेल्या तरतुदींनाच हे संरक्षण मिळते. आनुषंगिक तरतुदी वाजवीपणाच्या कसोटीवर उतरल्या पाहिजेत. राज्याच्या वतीने काम करणारा प्रतिनिधी आणि स्वतःच्या नफ्यासाठी काम करणारा व्यापारी यांतील फरकही त्या निकालाने स्पष्ट केला. राज्याच्या नावाने खाजगी मक्तेदारी उभी करण्यास त्यामुळे आडकाठी झाली.

खाजगी मक्तेदारीसंबंधी घटनेचा सूर वेगळा आहे. संपत्ती व उत्पादनसाधने यांचे सर्वसामान्यांना अपायकारक होईल असे केंद्रीकरण होऊ नये, असे अनुच्छेद ३९(ग) सांगतो. परंतु हे मार्गदर्शक तत्त्व आहे. अनुच्छेद ३७ मुळे त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यास कायद्याचे रूप १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमाने दिले. १ सप्टेंबर २००९ रोजी तो निरसित झाला व त्याची जागा स्पर्धा अधिनियम, २००२ ने घेतली. नव्या कायद्यात मोठे असणे हा दोष नाही. वर्चस्वाचा गैरवापर हा दोष आहे. हा बदल केवळ तांत्रिक नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ३९(ग) चा रोख केंद्रीकरणावरच आहे.

मुळशीचा परवाना

मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीन वर्षे चाललेला हा लढा अखेर अयशस्वी ठरला. धरणाचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथील वीजगृहाकडे वळविले गेले आणि वीज मुंबईस गेली. कंपनीचा निळा-मुळा खोरे जलविद्युत परवानाही १९२१ चाच आहे.

या परवान्याने कायदेशीर मक्तेदारी दिली होती काय? तसे दिसत नाही. भारतीय वीज अधिनियम, १९१० च्या कलम ३ नुसार एकास परवाना दिल्याने त्याच क्षेत्रात दुसऱ्यास परवाना देण्यास बाध येत नव्हता. मक्तेदारी आली ती तारांमुळे. एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी खांब रोवणे परवडत नाही, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र होय.

हाच परवाना पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. टाटांचे १९०७, १९१९, १९२१ व १९५३ चे परवाने प्रामुख्याने इतर वितरकांना घाऊक वीज पुरविण्यासाठी आहेत, सामान्य ग्राहकांना किरकोळ पुरवठा करण्याचा अधिकार त्यांत नाही, असे रिलायन्स एनर्जीचे म्हणणे होते. ८ जुलै २००८ रोजी न्यायालयाने ते अमान्य केले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या ऑक्टोबर २००९ च्या आदेशानंतर मुंबई उपनगरातील ग्राहकास जुन्याच तारांवरून पुरवठादार बदलता येऊ लागला. मक्तेदारी अशा रीतीने सैल झाली. मात्र निकालाचा पाया अनुच्छेद ३९ नव्हता. परवान्यांतील शब्द व वीज कायदे यांच्या अर्थावर तो उभा होता.

ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांचे स्थान या अर्थनिर्णयात कोठे आहे? वीज अधिनियम, २००३ चे कलम ६१ दरनिश्चितीत ग्राहकहित व खर्चाची वाजवी वसुली पाहण्यास सांगते. मुळशी तालुका महावितरणच्या क्षेत्रात येतो. म्हणजे निवडीचा जो लाभ अंधेरीच्या रहिवाशास मिळाला, तो पौड वा ताम्हिणीच्या रहिवाशास मिळाला नाही. तो या वीजव्यवहारात ग्राहकही नाही आणि पक्षकारही नाही.

येथे नोव्हेंबर २०२४ चा ‘प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल विचारात घ्यावा लागतो. प्रत्येक खाजगी मालमत्ता अनुच्छेद ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असे बहुमताने म्हटले. त्याचबरोबर साधनाचे स्वरूप, समाजहितावरील परिणाम, दुर्मीळता आणि खाजगी हाती एकवटल्याचे परिणाम या कसोट्याही सांगितल्या. मुंबईच्या जुन्या इमारतींपेक्षा मुळशीचे पाणी या चारही कसोट्यांवर अधिक सहज उतरते. हे पाणी पुन्हा भीमा खोऱ्यास मिळावे, अशी मागणी आहेच. तसा कायदा विधानमंडळाने केल्यास अनुच्छेद ३१ग चे संरक्षण त्यास कितपत मिळेल आणि अनुच्छेद ३००क अन्वये कंपनीस भरपाई किती द्यावी लागेल, हे दोन प्रश्न न्यायालयासमोर येतील. १९२१ मध्ये दुसरा प्रश्न मावळ्यांच्या बाबतीत विचारला गेला होता, तोही वेगळ्या कायद्याखाली, आणि त्याचे उत्तर सरकारनेच ठरविले होते.