अंगणवाडीत 'नुसती खिचडी'च मिळते का?



आपल्या वर्धा जिल्ह्यात शाळा उघडली की पहिलीच्या वर्गात दोन प्रकारची मुले दिसतात. काही कॉन्व्हेंटमधून आलेली, ए टू झेड घडाघडा म्हणणारी, तर काही गावच्या अंगणवाडीतून आलेली. पालक लगेच तुलना करतात. मग धाकट्याला तिसऱ्या वर्षीच ऑटोत बसवून तालुक्याला पाठवतात. "अंगणवाडीत काय आहे? नुसती खिचडी!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. पण लहान मुलांच्या शिक्षणाची गुणवत्ता नेमकी कशात असते? याचे उत्तर आपल्या सेवाग्रामातच आहे.

थोडा इतिहास

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. पुढे डॉ. झाकिर हुसेन समितीने आराखडा केला. तीच 'वर्धा योजना', म्हणजे नई तालीम. पण ती ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत तिचा विस्तार झाला. शिक्षण जन्मापासून मृत्यूपर्यंत चालते, असे मानून सात वर्षांखालील मुलांसाठी 'पूर्व बुनियादी' हा टप्पा आला. आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य तालीमी संघाचे काम पाहत होते. सेवाग्रामची पूर्व बुनियादी शाळा शांता नारुळकर यांनी फुलवली.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, हा 'अंगणवाडी'चा विचार ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी रुजवला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर गेली.

रोजचे काम हाच पाठ

पूर्व बुनियादीत हात-तोंड धुणे, नखे-केस पाहणे, एकत्र जेवणे, जागा झाडणे, झाडांना पाणी घालणे, गाणी, गोष्टी आणि खेळ, हाच अभ्यास होता. वरून साधा वाटतो, पण नीट पाहू या.

चार वर्षांची मुलगी माठातून स्वतः पाणी घेते. तिचे मनगट वळते, डोळा आणि हात एकत्र चालतात. 'भरला', 'अर्धा', 'सांडलं' हे शब्द ती अनुभवातून शिकते. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटे लागणार आहेत. तिसऱ्या वर्षी मात्र बोटांचे बारीक स्नायू तयार नसतात. तेव्हा पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळते, हात दुखतो आणि लिहिण्याचाच कंटाळा बसतो.

आता खिचडीचेच घ्या. "आज किती जण आलेत? तेवढ्या ताटल्या मांड बरं." मूल एकेका मित्रासमोर एकेक ताटली ठेवते. एकास एक जोडी लावणे हाच तर गणिताचा पाया! म्हणजे खिचडी कमी दर्जाची नाही. ती न बोलता वाढली, तर एक पाठ वाया जातो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आपल्या मातीत हा विचार जुनाच आहे.

मग अडते कुठे?

अंगणवाडी सेविका ताईंकडे वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, रजिस्टर आणि मोबाईलवरची नोंद, हे सगळे असते. त्यात मुलांशी बोलायचा वेळच आटतो. साहित्य पेटीत राहते, फुटेल म्हणून बाहेर निघत नाही. आणि पालकांना पाटीवर काही लिहिलेले दिसले तरच 'शिकवलं' असे वाटते.

आपण काय करू शकतो?

१. पहिलीच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा तरी अंगणवाडीत जावे. तपासायला नाही, एक गोष्ट सांगायला.

२. मुलाच्या घरच्या वऱ्हाडी बोलीला हसू नये. आधी ते भरभरून बोलू द्या, प्रमाण भाषा मागून येते.

३. साहित्य गावातलेच वापरा. तूर, चणा, सोयाबीन वेगळे करणे, कापसातून सरकी काढणे, तान्हा पोळ्याच्या नंदीबैलावर गप्पा. दाणे नाकात-तोंडात जाऊ शकतात, म्हणून मोठ्यांनी जवळ बसावे.

४. आजी-आजोबांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवा. ताईंचा भारही थोडा हलका होईल.

५. पालकांनी "आज काय लिहिलं?" ऐवजी "आज काय केलं, कोणाशी खेळलास?" असे विचारावे.

बाळाला कुठे घालायचे हे ठरवण्याआधी त्या ठिकाणी एक तास बसून पाहा. इमारत, गणवेश नंतर बघू. तिथे मुले बोलतात की फक्त ऐकतात? प्रश्न विचारला तर कोणी थांबून उत्तर देते का? हात कामात आहेत की घडी घालून ठेवलेत? जिथे मूल बोलते आणि स्वतः करते, ती जागा चांगली, मग ती कॉन्व्हेंट असो की गावची अंगणवाडी. आणि गावच्या अंगणवाडीत हे होत नसेल, तर मूल काढून घेण्याआधी ताईंना "आम्ही काय मदत करू?" एवढे एकदा जरूर विचारा.