रामशेजचं पाणी, देवळालीची तोफ

देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तोफेच्या आवाजाचं नवल नसतं. खिडकीची काच थरथरते, कुणीतरी “फायरिंग चाललंय” म्हणतं आणि चहाचा कप पुढे सरकतो. दचकतात ते पाहुणे. तोफखान्याचं शिक्षण देणारी लष्कराची संस्था इथे, भरती झालेल्या तोफचींचं केंद्र नाशिकरोडला, हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी शाळा गांधीनगरला, आणि डॉ. मुंजे यांनी १९३७ साली काढलेली भोसला सैनिकी शाळा शहरात. इंग्रजीत डोकं फिरण्याला ‘डूलाली’ म्हणतात, तोही शब्द आमच्या देवळालीचाच. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई इथल्या छावणीत महिनोन् महिने बसत आणि त्यांचं डोकं फिरे. रिकाम्या बसलेल्या सैन्याचं काय होतं, यावर इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या गावाने दिला नसेल.

लष्करी इतिहास म्हटला की आपल्याला भवानी तलवार, दौडते घोडे आणि पोवाडा आठवतो. मला त्या इतिहासाचा खरा धडा भेटला तो आशेवाडीच्या वर, रामशेजवर, एका पाण्याच्या टाक्यापाशी. नाशिकपासून पंधराएक किलोमीटरवरचा हा किल्ला फार उंच नाही. अर्ध्या-पाऊण तासात माणूस वर पोचतो. वाटेत गुहेतलं रामाचं देऊळ, शेजारी थंड पाण्याचं टाकं, आणि माथ्यावर गेलं की कातळात खोदलेली आणखी टाकी. समोरच्या भोरगडावर आज हवाई दलाचं ठाणं आहे. डोंगर मोक्याचा असला की त्याची नोकरी संपत नाही.

या बसक्या किल्ल्याला १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला. सरदार शहाबुद्दीनखान, म्हणजे पुढच्या हैदराबादच्या पहिल्या निजामाचा बाप. चार दिवसांचं काम वाटलं होतं, लागली पाचाहून अधिक वर्षं. मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेदाराने लाकडं पोखरून तोफा केल्या, त्यातून कातडं भरून मारा केला आणि तेवढ्यावर दहा तोफचींचं काम भागवलं. मोगलांनी लाकडाचा उंच दमदमा उभारला. शहाबुद्दीन थकला तसा बहादूरखान आला. त्याने एका बाजूने तोफा, नगारे, आरडाओरडा असा धुमाकूळ घातला आणि निवडक माणसं मागच्या कड्याने गुपचूप वर चढवली. किल्लेदार हे ओळखून होता. त्यानेही गलक्याच्या बाजूला गलकाच उभा केला आणि कड्याच्या तोंडाशी माणसं दबा धरून बसवली. वर डोकं काढणाऱ्या पहिल्यालाच मार बसला आणि मागची रांग दोरासकट खाली गेली.

ही गोष्ट सांगताना आपण लाकडी तोफेवर थांबतो. थांबावंही. बाजारातल्या सुट्या भागांतून जुळवलेला ड्रोन युक्रेनमध्ये रणगाडा निकामी करतो, तेव्हा मला ते पोखरलेलं लाकूड आठवतं. पण तोफेने पाच वर्षं निघत नाहीत. ती निघाली टाक्यातल्या पाण्यावर आणि बाहेरून आलेल्या मदतीवर. संभाजी महाराजांनी रुपाजी भोसले, मानाजी मोरे यांच्या तुकड्या वेढ्यावर बाहेरून सोडल्या. गड वरून लढत होता, राज्य खालून. शेवटी किल्ला मोगलांना मिळाला तो पैसे चारून.

थोडं उत्तरेला, वणी-दिंडोरीच्या अंगाला, ऑक्टोबर १६७० मधली लढाई. शिवाजी महाराज सुरत दुसऱ्यांदा लुटून परतत होते आणि मोगलांचा दाऊदखान कुरेशी रातोरात चांदवडहून आडवा आला. त्याच्या आघाडीवर इखलासखान. पहाट झाली तेव्हा समोर मराठे तयार, आणि याच्या लोकांची चिलखतं अजून उंटांच्या पाठीवर! गडी थांबला नाही, तसाच भिडला, जखमी होऊन घोड्यावरून पडला. मागची फौज येईपर्यंत आघाडीची वाताहत झाली होती. महाराजांनी लुटीचा माल आधीच पुढे काढून दिला होता. लढाई जिंकल्यावरही पाठलागाच्या नादी न लागता ते मालाच्या मागे गेले. आपण इथे कशासाठी आलो आहोत हे सकाळच्या धुमश्चक्रीतही लक्षात ठेवणं, सेनापतीकडून याहून मोठी मागणी कोणती असेल?

साल्हेर याच जिल्ह्यातला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी तिथे मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत तो आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी पुढे जातो.

पालखेडच्या मोहिमेबद्दल मात्र एक घोळ आधी मोडू. दिंडोरी तालुक्यात कादवेवर धरण असलेलं पालखेड वेगळं. १७२८ चं पालखेड शेजारच्या वैजापूर तालुक्यातलं. निजाम पुण्यात जाऊन बसला, पहिला बाजीराव पेशवा त्याला उत्तर द्यायला पुण्याला गेलाच नाही. तो खानदेश, बऱ्हाणपूर, गुजरात असा फिरत राहिला आणि मग औरंगाबादकडे वळला. राजधानीच्या काळजीने निजाम धावला. अवजड तोफा मागे पडल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तो अशा जागी सापडला जिथे पाणी मराठ्यांच्या ताब्यात होतं. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई न होताच. माँटगोमेरीसारख्या दुसऱ्या महायुद्धातल्या सेनापतीला आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची दखल घ्यावीशी वाटली, ती याच कारणाने.

आता १८१८. ज्या डोंगरांनी औरंगजेबाला दमवलं, ते इंग्रजांच्या कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेपुढे एका महिन्यात गेले. अंकाई-टंकाई लढाईविनाच, राजधेर, त्र्यंबक थोड्याच दिवसांत. कडे तेच, टाकी तीच. फरक इतकाच की खालून लढणारं राज्य उरलं नव्हतं. दुसरा बाजीराव पळतीवर होता आणि जूनच्या सुरुवातीला शरण गेला. अपवाद मालेगावचा. नारोशंकरांच्या त्या भुईकोटात अरब शिपाई जवळपास महिनाभर लढले. अखेर तहाचा मराठी कागद मुनशीने इंग्रजांच्या मनात होतं त्यापेक्षा सढळ लिहिला, आणि इंग्रजांचा कमिशनर एल्फिन्स्टनने तो मराठी मजकूरच पाळायचा ठरवला. अधिकाऱ्यांच्या शिक्षणात भाषांतराचाही तास असावा असं मला तेव्हापासून वाटतं.

१९९९ मध्ये कारगिलला गड आणि वेढा यांचा हाच डाव उलट्या बाजूने मांडला गेला. वर बसलेले शत्रूचे, खालून चढायचं आपण. देवळालीत शिकलेल्या तोफचींनी बोफोर्सची नळी सरळ शिखरावर रोखली. त्या लढाईत अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं खर्ची पडली. टायगर हिलचं छायाचित्र सगळ्यांच्या घरात पोचलं. मुंथो ढालोचं नाव मात्र फार थोड्यांना आठवतं. हवाई दलाच्या मिराज विमानांनी जूनमध्ये उडवलेला तो शत्रूचा रसदतळ होता. तंबू, धान्य, दारूगोळा. वरच्या ठाण्यांचं टाकं तेच होतं.

रसद, वाट, पाणी यांच्यावर पोवाडा होत नाही. लष्करातही माल पोचवणाऱ्याला पदक क्वचितच मिळतं, आणि तरुण अधिकाऱ्याला लढाऊ तुकडीच हवी असते. त्याला दोष कसा द्यायचा? आम्ही त्याला लहानपणापासून तेवढंच ऐकवलं.

१८१८ च्या इंग्रजाला वाटेचं आणि रसदेचं हे मोल नीट कळलं होतं. किल्ले हाती आल्यावर त्याने या भागात फोडल्या त्या पायऱ्या. चांदवडजवळच्या राजधेरला गेलात तर शेवटच्या टप्प्यात कातळातली वाट एकदम तुटते आणि तिथे लोखंडी शिडी उभी आहे. शिडी चढून वर गेलं की टाक्यांत पाणी अजून आहे.