घरच्या कोथिंबिरीचे बी

भांडवलाला हात लावू नये, हा संस्कार व्यापारी घरातील मुलांना लहानपणीच मिळतो. गच्चीवरील कुंड्यांत मात्र याच्या उलट घडते. भरदार, टवटवीत कोथिंबीर रोज स्वयंपाकघरात जाते आणि खुरटलेल्या, घाईने फुललेल्या रोपांचे धणे तेवढे पुढील वर्षासाठी उरतात. असे काही हंगाम गेले की पाने थोडी व फुले लवकर, अशीच रोपे वाढू लागतात. दोष मात्र मातीला दिला जातो.

म्हणून बियाण्याचा पहिला नियम निवडीचा. दिवाळीच्या सुमारास पेरलेल्या कोथिंबिरीतील सर्वांत उशिरा फुलणारी पाच-सहा निरोगी रोपे दोरा बांधून राखून ठेवावीत. कोथिंबिरीचे पराग मधमाश्या एका रोपावरून दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे लवकर तुरा धरणारी रोपे फुलण्यापूर्वीच कापून भाजीत वापरावीत.

धणे तपकिरी झाल्यावरच काढावेत. मेथीच्या शेंगा पिवळ्या पडल्यावर, पण तडकण्यापूर्वी तोडाव्यात. तुळशीच्या मंजिऱ्या पूर्ण वाळल्यावर तळहातावर चोळल्या की बारीक बी सुटते.

यानंतर खरा शत्रू म्हणजे ओल. बीजशास्त्रातील एक ठोकताळा असा, की काही मर्यादेपर्यंत बियांतील ओलावा १ टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, तर बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. म्हणून बी आठवडाभर सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, घरातील थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. बरणीवर नाव आणि वर्ष अवश्य लिहावे. चांगल्या वाळलेल्या बियाण्याला कीड सहसा लागत नाही. त्यामुळे पावसाळ्यात किडलेले बी टाकून देण्याचा प्रसंग टळतो. जयणा ही अशी आधीच पाळावयाची असते.

पेरणीपूर्वी १० धणे हलके रगडून, प्रत्येकाचे दोन भाग करून, कुंडीत पेरून पाहावेत. एका धण्यात दोन बिया असतात. दोन-तीन आठवड्यांत निम्म्याहून कमी बिया उगवल्या, तर पेरणी दाट करावी आणि त्या वर्षी नवे बी धरण्याचे विसरू नये.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जपले आणि इतरांनाही दिले. त्या कार्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातील देण्याचा भाग घरोघरी सहज करता येण्याजोगा आहे. एकाच बरणीतील बियाणे एका दमट पावसाळ्यात संपू शकते. तेच लेकीच्या सासरी आणि शेजारी एकेक पुडी देऊन ठेवले असेल, तर गरज पडल्यावर त्यांच्याकडून मागून आणता येते.