उंचीने नव्हे, वेगाने जळते

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रीय फुगे हैदराबादहून सुटतात, तेव्हा उपकरणे जिथे उतरू शकतात त्या पट्ट्यात नांदेड आणि लातूरही येतात. पॅराशूटला लटकलेली पेटी शिवारात दिसली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, असे आवाहन वर्तमानपत्रांतून होते. हे फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात. तिथून पेटी खाली येते, पण तिला झळही लागत नाही. मग अवकाशयानाभोवतीच आग का उसळते?

एक किलोची वस्तू ४० किलोमीटरवरून खाली आली, तर सुमारे ४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटरच्या आसपास असतो आणि त्या वेगापायी त्याच्या प्रत्येक किलोत सुमारे ३ कोटी ज्यूल साठलेले असतात. परतताना समोरच्या हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, प्रचंड तापते. घर्षणाचा वाटा त्यामानाने थोडा. म्हणूनच परतीच्या कुपीचे तोंड बोथट ठेवतात, म्हणजे तापलेल्या हवेचा थर अंगापासून दूर राहतो.

इस्रोची ५५० किलोची एसआरई-१ कुपी १० जानेवारी २००७ रोजी कक्षेत गेली आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या नाकावर कार्बन-फिनॉलिकचे आवरण होते. ते स्वतः जळत, झिजत उष्णता घेऊन जाते. बाकी अंगावर सिलिकाच्या फरशा होत्या.

झिजणारे आवरण पुन्हा वापरता येत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. सिलिकाची फरशी झिजत नाही, पण ती ठिसूळ असते. त्यामुळे प्रयोगशाळेत विद्युत ठिणगीने तापवलेल्या वायूचा झोत नमुन्यावर सोडतात आणि पुढची बाजू धगधगत असताना मागची किती तापली ते मोजतात. माझ्या मते एकदा टिकणे पुरेसे नाही. तोच नमुना थंड करून पुन्हा पुन्हा तापवला, तरच बारीक तडे आणि सुटू लागलेला चिकटथर उघड होतो. आवरणातली एक फटही यानाचा घात करू शकते: कल्पना चावला यांचे कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी नष्ट झाले, ते डाव्या पंखाच्या कडेवरचे उष्णतारोधक कवच उड्डाणावेळीच फुटल्यामुळे.

चित्रदुर्गजवळ २०२३ आणि २०२४ मध्ये इस्रोचे पुन्हा वापरण्यासाठी घडवले जाणारे पंखवाले पुष्पक यान हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून सोडले गेले आणि आपणहून धावपट्टीवर उतरले. त्यातून उतरण्याचे तंत्र पारखले गेले. फरशांची परीक्षा मात्र कक्षेच्या वेगानेच होईल.