मिठाचा हिशेब

सन १९४२. अमेरिकेतील डरहॅम येथील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेली ३३ वर्षांची एक स्त्री उपचारासाठी आली. रक्तदाब १९०/१२०, हृदय विस्तारलेले, दृष्टिपटलावर रक्तस्रावाचे डाग. अशा रुग्णाचे आयुष्य त्या काळी फार तर महिन्यांत मोजले जाई. डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी तिला भात आणि फळांचे पथ्य देऊन दोन आठवड्यांनी येण्यास सांगितले. त्यांच्या जर्मन वळणाच्या उच्चारामुळे तिने मात्र ‘दोन महिने’ असे ऐकले. ती परतली तेव्हा रक्तदाब १२४/८४ वर उतरला होता, दृष्टिपटलावरील डाग नाहीसे झाले होते आणि हृदयाचा आकारही कमी झाला होता.

केम्पनर यांचा जन्म १९०३ चा. बर्लिनमध्ये नोबेलविजेते ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशींच्या श्वसनाचा अभ्यास केला. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून १९३४ साली ते ड्यूक विद्यापीठात आले. थकलेल्या मूत्रपिंडावरचा भार हलका केला तर ते पुन्हा सावरेल, असा त्यांचा तर्क होता. म्हणून त्यांनी १९३९ पासून साधा भात, फळे, फळांचा रस आणि साखर एवढाच आहार रुग्णांना दिला. त्यात दिवसाला सुमारे २००० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिने आणि अवघे १५० मिलिग्रॅम सोडियम असे. म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मीठ.

पथ्य पाळले जाते की नाही, हे ते रुग्णाच्या शब्दावर सोडत नसत. लघवीतील क्लोराइड तपासले की चोरून खाल्लेले मीठ उघडकीस येई. व्यापाऱ्याने रोजमेळ ताडून पाहावा, तसाच हा प्रकार.

मीठ आणि मूत्रपिंड यांचा संबंध असा आहे. जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. चढलेला दाब मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांना इजा करतो. दुबळे मूत्रपिंड मीठ पुरेसे बाहेर टाकू शकत नाही आणि दाब आणखी वाढतो. हे चक्र कोठेतरी तोडावेच लागते.

केम्पनर यांच्या कामात उणिवाही होत्या. तुलनेसाठी रुग्णांचा दुसरा गट त्यांनी ठेवला नव्हता आणि ते नीरस पथ्य फार थोड्यांनाच झेपे. १९५८ नंतर प्रभावी गोळ्या आल्या आणि भाताचा आहार मागे पडला. परंतु मूळ सूत्र टिकले. १९९७ आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या अमेरिकी चाचण्यांनी फळे, भाज्या आणि कमी मीठ यांनी रक्तदाब उतरतो हे तुलनात्मक पद्धतीने दाखवून दिले.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतच त्यातला मोठा वाटा संपतो. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. सैंधव निर्दोष, ही समजूतही खरी नव्हे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रसपरित्यागात एखाद्या दिवशी मीठ वर्ज्य करणारी मंडळी आपल्या घरांत आहेत. परंतु एका दिवसाच्या अळणी जेवणाने उरलेल्या दिवसांची भरपाई होत नाही.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे पथ्य स्वतःहून करू नये. फळांतील आणि ‘कमी सोडियम’ मिठातील पोटॅशियम त्यांच्या रक्तात साचून हृदयाला धोका पोहोचू शकतो. गोळ्याही परस्पर बंद करू नयेत.

उच्च रक्तदाब बहुधा लक्षणे दाखवीत नाही. मूत्रपिंडही बरेचसे निकामी होईपर्यंत तक्रार करीत नाही. दिवाळीला दुकानाच्या वह्यांचा आढावा आपण न चुकता घेतो. त्याच सुमारास घरातील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजावा, आणि ज्यांना रक्तदाब वा मधुमेह आहे त्यांची लघवी व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. ही तूट वेळीच दिसली, तर ती अनेकदा थोपवता येते.